कोयत्याच्या पोटातले पोलाद



२०२५ सालच्या ऑगस्ट महिन्यात एक तलवार लंडनहून मुंबईस आली. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचे संस्थापक पहिले रघूजीराजे यांची ही तलवार. लंडनच्या एका लिलावात ती विक्रीस निघाली होती. महाराष्ट्र शासनाने ती विकत घेतली. वर्तमानपत्रांत तिची छायाचित्रे आली, चार ठिकाणी तिची चर्चा झाली, आणि ते योग्यच झाले. तिच्यावर सोन्याचे नाजूक काम आहे. पात्याच्या पाठीवर देवनागरी अक्षरांत रघूजीराजांचे नाव आहे, सेनासाहेबसुभा हा त्यांचा किताब आहे, आणि शेवटी एक शब्द आहे : फिरंग.

या शेवटच्या शब्दापाशी आपण थोडे थांबू. फिरंग म्हणजे फिरंग्यांच्या मुलखातून आलेल्या पात्याची तलवार. सतराव्या-अठराव्या शतकांत अशी लांब, सरळ पाती युरोपीय व्यापाऱ्यांमार्फत आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरत आणि इथले कारागीर त्यांना आपल्या पद्धतीची मूठ बसवीत. मराठे सरदारांची या पात्यांवर मोठी मर्जी होती. म्हणजे पाहा, मूठ इथली, सोने इथले, मनगट इथले. पोलाद तेवढे बाहेरचे. आणि गंमत अशी की, याच काळात दख्खनचे पोलाद इराणपर्यंत जात होते आणि त्याची कीर्ती युरोपातल्या विद्वानांच्या कानी पडू लागली होती.

मग प्रश्न असा पडतो की, ज्या गावातून हे मनगट निघाले, त्या गावचा लोहार काय करीत होता? त्याने कोयता केला, विळा केला, कुऱ्हाड केली, नांगराचा फाळ केला. इतिहासाने त्याची दखल घेतली नाही. कोयता कोणी लिलावात मांडत नाही. परंतु जगातल्या नामांकित तलवारींच्या पोटात जी करामत असते, तीच आपल्या मावळी कोयत्याच्या पोटात असे, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. आज त्याविषयी बोलू. त्यासाठी मी पुणे जिल्ह्यातला मुळशी तालुका डोळ्यांपुढे ठेवला आहे. कारण कोयत्यावाचून माणसाचे पान हलू नये असा तो मुलूख होता.

आधी थोडे शास्त्र पाहू. शिक्षकबंधूंना हे नवे नाही, पण शेतकरी श्रोत्यांसाठी सांगतो. लोखंड आणि पोलाद यांत फरक किती? चिमूटभर कोळशाचा. शंभर भाग लोखंडात कर्बाचा दहावा हिस्सासुद्धा नसेल, तर ते मऊ लोखंड. ते वाकते, वळते, हवे तसे ठोकून घ्यावे. पण धार धरत नाही. तेच कर्बाचे प्रमाण अर्ध्या भागापासून दीड भागापर्यंत गेले की त्याचे पोलाद होते. दोनच्या वर गेले की ते बीड. काहिली ओतायला चांगले, पण घणाखाली घातले तर फुटणार. आता शेतकऱ्याची अडचण पाहा. निव्वळ मऊ लोखंडाचा कोयता केला, तर पहिल्या फांदीलाच त्याचे तोंड मुडपते. निव्वळ कडक पोलादाचा केला, तर ऐनाच्या गाठीवर त्याचा तुकडा उडतो. कडकपणा आणि चिवटपणा हे दोन गुण एका अंगी नांदायचे कसे? जगातल्या सगळ्या लोहारांपुढे तीन हजार वर्षे हाच एक प्रश्न होता.

तीन हजार वर्षे हे मी सैल तोंडाने म्हणत नाही. नागपूरजवळ नायकुंड येथे १९७८ च्या पुढच्या उत्खननांत लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. ती इसवी सनापूर्वी सातशेच्या आसपासची मानतात. त्याच भागात माहुरझरी येथे मोठमोठ्या शिळांच्या वर्तुळांत पुरलेली माणसे आणि त्यांच्यासोबत ठेवलेली लोखंडी हत्यारे मिळाली आहेत. त्यांतल्या काहींची धातुशास्त्राच्या दृष्टीने तपासणी झाली, आणि ती पोलादाची निघाली. म्हणजे शिवकालाच्या किमान दोन हजार वर्षे आधी या भूमीतल्या लोहाराला लोखंडात कोळसा कसा मुरवावा हे कळले होते. लिहिता येत नव्हते, पण हे येत होते.

लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस उष्णता लागते. जुन्या मातीच्या भट्टीत, कातडी भात्याच्या वाऱ्यावर, एवढी उष्णता पुऱ्या लोखंडाला पोचत नसे. म्हणून दगडातून लोखंड निघे ते रसाच्या रूपाने निघत नसे. मऊ, स्पंजासारखा सच्छिद्र गोळा निघे आणि त्याच्या पोटात कीट भरलेला असे. या कीटालाच जुन्या वैद्यांनी मंडूर म्हटले आणि त्याचे औषध केले. तो गोळा तापवून ठोकायचा, कीट बाहेर काढायचा, पुन्हा तापवायचा, पुन्हा ठोकायचा. आपल्या सह्याद्रीत हे काम धावड लोक करीत. महाबळेश्वरच्या डोंगरातल्या जांभ्या दगडातून ते लोखंड गाळीत; १८८५ च्या सातारा गॅझेटियरात त्यांची नोंद आहे. एका गोळ्यासाठी ढिगाने कोळसा लागे, कोळशासाठी झाडे लागत. पुढे जंगल राखीव झाले आणि त्यांच्या भट्ट्या थंडावल्या. तिकडून विलायतेचे स्वस्त सळईचे लोखंड गलबतांनी येऊ लागलेच होते.

आता त्या तीन हजार वर्षांच्या प्रश्नाची उत्तरे पाहू. ती मुख्यतः तीन मिळाली. 

पहिले उत्तर थरांचे. मऊ लोखंडाची पट्टी आणि पोलादाची पट्टी, पुन्हा लोखंड, पुन्हा पोलाद, अशा पट्ट्या एकावर एक रचायच्या. वर टाकणखार भुरभुरायचा, म्हणजे धातूच्या पृष्ठावरची काट वितळून वाहून जाते. मग भट्टीत इतके तापवायचे की पृष्ठभाग ओला झाल्यासारखा चकाकू लागतो आणि एखाद-दुसरी ठिणगी तडतडते. नेमक्या त्या क्षणी बाहेर काढून ठोकायचे. क्षणभर आधी काढले तर जोड धरत नाही, क्षणभर उशीर झाला तर पोलाद जळते. जोड धरला की पट्टी लांबवायची, मध्ये छेद देऊन दुमडायची आणि पुन्हा जोडायची. पाच पट्ट्यांपासून आरंभ करून सहा वेळा दुमडले तर किती थर होतात, हे मुलांना फळ्यावर काढायला सांगा. तीनशे वीस. आणि सहा दुमडी म्हणजे लोहाराचे एका दिवसाचेही काम नव्हे. या पट्टीला पीळ दिला, किंवा तिच्यावर खाचा पाडून ती सपाट केली, तर थरांचे रेखाटन पालटते. शेवटी पाते आम्लात बुडविले की मऊ आणि कडक थर वेगवेगळे रंगतात आणि लाकडाच्या रेषांसारखी, पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटते. इंग्लंडात सटन हू येथे १९३९ साली एका राजाचे दफन सापडले. सातव्या शतकातली त्याची तलवार अशीच पीळ दिलेल्या पट्ट्यांची आहे. आपल्या देशात तर बंदुकीच्या नळ्यासुद्धा अशा पट्ट्या गुंडाळून, ठोकून करीत.

दुसरे उत्तर दख्खनचे, आणि ते अधिक विलक्षण आहे. मऊ लोखंडाचे तुकडे आणि थोडे लाकूड किंवा पाला मातीच्या मुशीत घालायचा, तोंड लिंपायचे, आणि ती मूस पुष्कळ वेळ कडक आचेत ठेवायची. आत कोळसा मुरत जातो. कोळसा मुरलेले लोखंड कमी उष्णतेवर वितळते, म्हणून साध्या भट्टीतही त्याचा रस होतो. मग मूस हळूहळू निवू द्यायची आणि फोडायची. आत वडीसारखा पोलादाचा गोळा मिळतो. यात कर्ब शंभरास दीडच्या आसपास. हा गोळा जपून ठोकून पाते केले, तर त्याच्या अंगावर दुमडल्याशिवाय, जोडल्याशिवाय, आपोआप पाण्यासारखी नक्षी येते. यालाच जौहर म्हणत आणि अशा तलवारीला जौहरदार. नांदेडच्या पलीकडे, आज तेलंगणात असलेल्या निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम् हे गाव या उद्योगाचे मोठे ठाणे होते. १८३२ साली प्रसिद्ध झालेल्या वर्णनात व्हॉयसी नावाच्या इंग्रजाने लिहून ठेवले आहे की, तिथे त्याला इराणातल्या इस्फहानचा व्यापारी पोलाद खरेदीसाठी येऊन राहिलेला भेटला. एवढ्या दूरचा माणूस एका खेड्यात मुक्काम ठोकतो, तो उगाच नव्हे.

या पोलादाचा आपल्या मुंबईशीही संबंध आहे. मुंबईत हेलेनस स्कॉट नावाचा डॉक्टर होता. १७९४ च्या सुमारास त्याने या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांकडे पाठविले. इकडचे लोक याच्या छिन्न्या, कानशी, करवती करतात, दगड कापायला आणि लोखंड कापायलासुद्धा हेच वापरतात, असे त्याने कळविले. १७९५ साली जॉर्ज पीअर्सन याने या नमुन्यांवर निबंध वाचला. त्याच्या मथळ्यातच हे पोलाद मुंबईस तयार होते आणि तिथे त्याला वूट्झ म्हणतात असे म्हटले आहे. वूट्झ हा कानडी-तेलुगूतल्या उक्कू या शब्दाचा अपभ्रंश असावा, असे बहुतेक विद्वान मानतात. आणि मुंबईस कसले तयार होते? ते घाटावरच्या मुलखातून येत असे. साहेबाला बंदर दिसले, खेडे दिसले नाही. पुढे मायकेल फॅरडे याने याच पोलादाचा अभ्यास केला. विजेच्या शोधांमुळे फॅरडे आपल्याला ठाऊक असतो, परंतु तो लोहाराचा मुलगा होता आणि १८२० च्या सुमारास त्याने पोलादावर चिकाटीने प्रयोग केले होते, हे सांगितले जात नाही. रशियात आनोसोव्ह याने १८४१ साली आपले निष्कर्ष छापले. एवढे करूनही कोडे पुरते सुटले नाही. १९९८ साली अमेरिकेत व्हरहोवेन हे शास्त्रज्ञ आणि पेंड्रे हे लोहार या दोघांनी मिळून दाखविले की, व्हॅनेडियमसारख्या धातूचा अगदी सूक्ष्म अंश खनिजात असल्याशिवाय ती नक्षी येत नाही. विशिष्ट खाणीचा दगड संपला की कारागिराचे कसब तेच राहूनही जौहर उमटेनासा होई. एक शास्त्रज्ञ आणि एक लोहार, ही जोडी मला फार आवडते. आपल्याकडे त्या दोघांनी एका बाकावर बसण्याची चाल पडली नाही.

तिसरे उत्तर सर्वांत साधे, आणि तेच आपल्या गावच्या लोहाराचे. अंग मऊ लोखंडाचे ठेवायचे आणि धारेच्या जागी तेवढे पोलाद भरायचे. पोलाद महाग, लोखंड त्या मानाने स्वस्त. म्हणून जिथे कापायचे तिथेच ते वापरायचे. लोखंडाच्या पट्टीची कड छिन्नीने उभी चिरायची, चिरेत पोलादाची पातळ पट्टी सरकवायची, टाकणखार घालून तापवायचे आणि ठोकून एकजीव करायचे. मग निसण्यावर घासत गेले की दोन्ही बाजूंचे लोखंड झिजते आणि मधले पोलाद धारेला येते. जितके झिजेल तितके नवे पोलाद बाहेर येत राहते. कोयता पाठीशी चिवट, तोंडाशी कडक. जपानी तलवारींतही मऊ आणि कडक पोलादाचा असाच मेळ घातलेला असतो. तिची पुस्तके निघाली, कोयत्याचे पुस्तक कोणी काढले नाही, एवढाच फरक.

आता मुळशीकडे वळू. पौड खोरे, मुठे खोरे, कोरबारसे ही जुनी मावळे या तालुक्यात येतात. मुसळधार पाऊस, उताराची जमीन आणि भाताचे पीक. इथला आंबेमोहोर नावाजलेला. भाताचे रोप करायचे तर आधी राब भाजावा लागतो. उन्हाळ्यात झाडांच्या डहाळ्या तोडायच्या, त्यावर पालापाचोळा, शेण, गवत, माती पसरायची आणि पेटवून द्यायची. त्या भाजलेल्या जमिनीत रोप जोमाने येते. डहाळ्या तोडायला कोयता, करवंदीच्या जाळीतून वाट काढायला कोयता, कुंपणाला कोयता, घराच्या शाकारणीला कोयता. माणूस सकाळी घराबाहेर पडला की कमरेला आकडी आणि आकडीत कोयता. पागोटे विसरेल, पण कोयता विसरणार नाही. अलीकडे शहरातल्या गुन्ह्यांच्या बातम्यांत या बिचाऱ्या हत्याराचे नाव इतके येऊ लागले आहे की, शहरातल्या मुलाला कोयता म्हणजे शस्त्र वाटते. ज्याने राब भाजला आहे त्याला याचे वाईट वाटल्यावाचून राहणार नाही.

या खोऱ्यातल्या एका वृद्ध लोहाराशी मी दोन-तीनदा बोलत बसलो होतो. पोलाद भरण्याचे काम त्यांनी तरुणपणी वडिलांच्या हाताखाली केले होते. पोलाद किती तापवायचे, असे मी विचारले. मी आकडा मागत होतो. ते म्हणाले, "सर, आकडा काय सांगू? लोखंड पांढरं होईस्तवर तापवा, काय होत नाही. पोलाद तेवढं तापवलं की जळतं. मग घण मारला की चिपाडावानी भुगा. मग ते कशाच्याच कामाचं नाही." मी थक्क झालो. कारण मुंबईहून गेलेले पोलाद विलायतेतल्या लोहारांनी हाती घेतले, तेव्हा त्यांचीही हीच फजिती झाली होती. त्यांना मऊ, कमी कर्बाच्या लोखंडाची सवय. त्यांनी सवयीप्रमाणे झगझगीत तापविले आणि ठोकताच ते फुटले. जास्त कर्बाचे पोलाद मंद लाल आचेवरच घडवावे लागते. ही गोष्ट म्हातारबुवांनी कोणत्या निबंधात वाचली नव्हती.

मग पाणी देण्याची गोष्ट निघाली. घडवून झालेला कोयता धारेच्या बाजूने पुन्हा तापवायचा आणि पाण्यात बुडवायचा. कधी बुडवायचा? "तोंडली पिकून फुटली की आतून जशी दिसती ना, तसा रंग आला की. उन्हात बघू नका, ऊन फसवतं. सावलीला बघायचं." पुस्तकात पाहाल तर हा रंग साधारण पावणेआठशे अंशांचा. या उष्णतेच्या जवळपास, ७७० अंशांवर, लोखंडाला लोहचुंबक चिकटायचे थांबते. हल्लीचे सुऱ्या करणारे कारागीर म्हणून जवळ लोहचुंबक ठेवतात. पाण्यात घातल्याने धार कडक होते, पण काचेसारखी ठिसूळही होते. म्हणून दगडावर घासून ती चकचकीत करायची आणि पाठीकडून हलकी आच द्यायची. मग धारेवर रंग धावू लागतात. आधी गव्हाच्या काडीचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. हे सगळे सव्वादोनशे ते तीनशे अंशांच्या दरम्यान घडते. वस्तऱ्याला पिवळ्यावर थांबायचे. कोयत्याला, कुऱ्हाडीला, ज्यांना आघात सोसायचा आहे त्यांना, जांभळ्यापर्यंत जाऊ द्यायचे. रंग एक पाऊल पुढे गेला तर धार मवाळ पडते. शेतकरी मग कोयता परत आणून टाकतो आणि म्हणतो, "याचं पाणी उतरलंय."

आपली भाषा पाहा. पाणीदार माणूस, पाणी जोखणे, अंगातले पाणी दाखवणे, हे शब्द आपण सभेत वापरतो, लेखांत वापरतो. मला वाटते, यांतले बरेचसे लोहाराच्या डोणीतून उचललेले आहेत. डोण आपण विसरलो, शब्द ठेवून घेतले.

गावगाड्यात लोहार बारा बलुतेदारांपैकी एक, आणि सुतारासारखाच वरच्या ओळीतला. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या १९१५ च्या ग्रंथात या व्यवस्थेचे बारकावे आहेत, शिक्षकांनी ते जरूर पाहावेत. वर्षभर फाळ शेवटून द्यायचे, विळे-कोयते पाजवून द्यायचे, आणि खळ्यावर जाऊन आपला वाटा घ्यायचा. ही व्यवस्था सुखाची होती असे मी म्हणणार नाही. पीक बुडाले की लोहारही उपाशी, आणि मान जातीने ठरलेला, कसबाने नव्हे. परंतु तिच्यात एक गोष्ट होती. कोयता करणारा आणि वापरणारा एकाच गावात राहत. मोडला तर उद्या समोर येणार. लोहाराच्या कामाची परीक्षा रोज होत असे. बलुत्याबाहेर घिसाडी होते, गाडीवर भाता आणि ऐरण घालून गावोगाव फिरणारे. रस्त्याच्या कडेला पुरुष सांडशीने लोखंड धरून बसलेला आणि त्याची बायको उभी राहून घण घालते आहे, हे दृश्य तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. दोघांचे टोले एकमेकांत कसे बेमालूम बसतात ते बघण्यासारखे असते.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा मोठा सुरेख संग्रह आहे. मोराचे, घोड्याचे, माणसांच्या जोडीचे. काकासाहेब केळकरांनी घरोघर हिंडून या रोजच्या वापरातल्या वस्तू जमविल्या म्हणून त्या राहिल्या. पण त्या घडविणाऱ्यांची नावे आज आपल्याला ठाऊक नाहीत. तलवारीवर राजाचे नाव असते. अडकित्त्यावर कोणाचे असणार?

मुळशीत या सगळ्यावर दोनदा घाला पडला. पहिला पाण्याचा. टाटांच्या वीज कंपनीचे धरण मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ व्हायचे ठरले. १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढाकाराने मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. बायकामुलांसह माणसे कामाच्या जागी जाऊन बसली, तुरुंगात गेली. तीन वर्षे लढून शेवटी सत्याग्रह ओसरला आणि धरण झाले. घाटाखाली भिरा येथे वीज तयार होऊन मुंबईस जाऊ लागली. भाताच्या जमिनी गेल्या याविषयी लिहिले गेले आहे. लोहाराचे काय गेले? त्याच्या नावावर बहुधा जमीन नसे, किंवा नाममात्र असे. जमिनीचा मोबदला ठरविता येतो. पण तीस-चाळीस घरांची गिऱ्हाइकी, खळ्यावरचा हक्क, कोणत्या शेतकऱ्याला कोयता जड लागतो आणि कोणाला हलका ही ओळख, यांची किंमत कोणत्या रकान्यात लिहिणार? गाव विखुरले की शेतकरी दुसरीकडे शेतकरी होऊ शकतो. लोहाराला मात्र सबंध गाव लागतो.

दुसरा घाला हळू आला आणि तो कोणाच्या लक्षात आला नाही. मोटारी आल्या, आणि त्यांच्याबरोबर मोटारीच्या कमानीचे मोडके पाटे आले. हे एकजात चांगले पोलाद, कर्ब शंभरास अर्ध्याहून थोडा अधिक. तोडा, तापवा, ठोका, पाणी द्या, कोयता तयार. पोलाद भरण्याची खटपट कोण करील? आणि का करावी? पाट्याचा कोयता वाईट नसतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कित्येकदा तो जुन्यापेक्षा सरस असतो. कसब लोपले ते अडाणीपणामुळे लोपले असे समजू नका. अधिक चांगला माल स्वस्तात मिळाला म्हणून लोपले. त्यानंतर कारखान्यातले विळे आले. आता याच मुळशी तालुक्यात हिंजवडीला संगणकाचे मोठमोठे कारखाने आहेत, आणि पिरंगुटच्या रस्त्याला इतर उद्योग. भातखाचरांच्या जागी बंगले उठत आहेत, राब भाजणारी घरे कमी होत आहेत. कोयताच कमी लागू लागला.

आणि इकडे उलटी गंमत पाहा. अमेरिकेत बिल मोरन नावाच्या कारागिराने १९७३ साली थरांच्या पोलादाच्या सुऱ्या प्रदर्शनात मांडल्या. तिथे हे काम जवळजवळ विसरले गेले होते. त्यानंतर जगभर हौशी आणि धंदेवाईक कारागीर थर दुमडू लागले. आज अशा नक्षीच्या स्वयंपाकघरातल्या एका सुरीला आपल्याकडच्या शंभर कोयत्यांची किंमत येते. तिला दमास्कस पोलाद म्हणतात. ते नाव खरे तर मुशीतल्या, दख्खनी पोलादाच्या तलवारींना पडलेले. आता ते थरांच्या पोलादालाही चिकटले आहे. दुकानात कोणी तुम्हाला हे सांगून सुरी विकू लागला, तर नक्षी दुमडून आली की आपोआप, एवढे विचारून पाहा. नुसती वरवर कोरलेली असेल, तर दगडावर घासताच ती पुसली जाईल. खऱ्या थरांची नक्षी घासून गेली तरी आम्ल लावताच परत येते.

हीच परीक्षा घरच्या कोयत्यावर करता येते. माळ्यावर, गोठ्याच्या वळचणीला, आजोबांच्या वेळचा एखादा गंजका कोयता किंवा विळा बहुधा सापडेल. शिक्षकांनी मुलांना तो आणायला सांगावे. धार सांभाळून, चिंधीत गुंडाळून. राख आणि विटेच्या भुकटीने धारेजवळची चार बोटे जागा लख्ख घासावी. मग तिच्यावर लिंबाचा रस चोळून ठेवावा आणि अर्ध्या-पाऊण तासाने पाण्याने धुवावा. पोलाद काळवंडते, मऊ लोखंड फिकट करडे राहते. पाते एकसारखे रंगले, तर तो पाट्याचा. पण धारेपासून बोटभर आत एक वेडीवाकडी रेघ दिसली, तर ती पोलाद भरल्याची खूण समजा. रेघ कुठे जाड असते, कुठे केसाएवढी. एखाद्या ठिकाणी तुटलेलीही असते, तिथे जोड नीट धरलेला नसतो. गावात कोणी जुना लोहार असेल तर त्याला ती दाखवा, आणि हा जोड कसा घालत, आच कोणती, टाकणखार किती, रंग कोणता, हे तो सांगेल तसे, त्याच्याच शब्दांत, वहीत उतरवून घ्या.